वॉर्डातला 'छोटा डॉक्टर': इंटर्नशिप आली कुठून?



महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात तुम्ही कधी भरती झाला असाल, किंवा घरातल्या कुणाला घेऊन रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत बसला असाल, तर तिथे तुमच्याशी सगळ्यात आधी बोललेला डॉक्टर आठवून पाहा. बहुतेक वेळा तो तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. डोळे जागरणाने लाल, कोटाच्या एका खिशात रक्ताच्या बाटल्यांची रबरी झाकणं डोकावतायत, दुसऱ्यात अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा. रक्त काढायचं, सलाईन लावायचं, ईसीजी काढायचा, नमुने घेऊन लॅबकडे धावायचं, एक्स-रे हरवला तर तोही शोधून आणायचा. वॉर्डातले मामा आणि मावशी त्याला 'छोटा डॉक्टर' म्हणतात. त्याचं अधिकृत नाव इंटर्न.

सांताक्रूझ पूर्वेला माझा दवाखाना आहे. इथले माझे पेशंट गरजेप्रमाणे व्ही. एन. देसाईला जातात, कूपरला जातात, फारच गुंतागुंत असेल तर सायन किंवा केईएमला. परत आले की निम्मे जण एकच वाक्य बोलतात: "डॉक्टर, तिथे सगळी शिकाऊ पोरंच हात लावतात हो!" या वाक्यात भीती असते, थोडा अपमानही असतो. आपण गरीब म्हणून आपल्यावर शिकतायत, असं त्यांना वाटत असतं. ही भावना खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण हा इंटर्न कुठून आला, त्याला काय करायची परवानगी आहे आणि काय नाही, हे कळलं तर पुढच्या वेळी तुम्हाला त्याच्याशी नीट बोलता येईल. त्यासाठी थोडं मागे, थेट पॅरिसपर्यंत जावं लागेल.

पॅरिसचा सौदा

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातही पेशंटला हात न लावता डॉक्टर होता येत असे. लॅटिन ग्रंथ पाठ केले, गुरुजींसमोर वाद घातला, मिळाली पदवी. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि पॅरिसची धर्मादाय रुग्णालयं शासनाच्या ताब्यात आली. तिथे गरीब पेशंट हजारोंनी होते. १८०२ साली पॅरिसच्या रुग्णालयांनी स्पर्धा परीक्षा घेऊन विद्यार्थी नेमायला सुरुवात केली. दिवसा येऊन जाणारे ते 'एक्स्टर्न' आणि रुग्णालयाच्या आतच राहणारे ते 'इंटर्न'. आपला शब्द तिथून आला. इंटर्न म्हणजे आतला माणूस, पेशंटच्या आसपास राहणारा.

या पद्धतीतून वैद्यकशास्त्राला काय मिळालं ते बघा. लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला तो याच पॅरिसच्या रुग्णालयांत. पियेर लुई नावाच्या डॉक्टरांनी पेशंटच्या नोंदी ठेवून चक्क मोजणी केली आणि दाखवलं की न्यूमोनियात नस कापून रक्त काढण्याचा जो उपचार सगळे छातीठोकपणे करत होते, त्याचा फारसा उपयोग होत नाही. आज 'पुराव्यावर आधारित उपचार' म्हणून जे बोललं जातं त्याची मुळं इथे आहेत. ही मोजणी झाली ती ज्यांना घरी डॉक्टर बोलावणं परवडत नव्हतं अशा माणसांवर. उपचार मोफत, पण तुमच्या खाटेभोवती दहा विद्यार्थी उभे राहणार, आणि तुम्ही दगावलात तर शवविच्छेदन होणार. कागदावर हा सौदा कुणी लिहिला नाही आणि पेशंटची सही कुणी घेतली नाही. जगभरातल्या शिक्षण रुग्णालयांचा पाया मात्र हाच आहे, आपल्या मुंबईतल्याही.

भायखळ्याचा वॉर्ड

मुंबईत देशी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याचा एक प्रयत्न १८२६ साली झाला होता, पण ती शाळा काही वर्षांतच बंद पडली. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी पुन्हा आग्रह धरला. १८३८ साली त्यांचं दापोडीला निधन झालं, त्यामुळे कॉलेज काही त्यांना बघायला मिळालं नाही. १८४५ साली त्यांच्याच नावाने ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि शेजारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय.

कॉलेजचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड. हे एडिंबरोला शिकले आणि पुढे पॅरिसला जाऊन त्याच पियेर लुईंच्या हाताखाली राहिले. म्हणजे पॅरिसची ती पद्धत एका माणसाच्या डोक्यातून थेट भायखळ्याला आली! मोरहेड यांचा आग्रह असा की विद्यार्थ्याने वॉर्डात उभं राहून शिकायचं. मेडिसिनच्या वॉर्डात विद्यार्थी 'क्लिनिकल क्लार्क' म्हणून पेशंटची हकीकत लिहायचे, सर्जरीत 'ड्रेसर' म्हणून जखमा बांधायचे. आजही इंटर्न केस पेपरवर 'सी/ओ' लिहून तुमच्या तक्रारींची यादी करतो ना, तो त्या क्लार्कचाच वारस. मोरहेड यांनी पुढे १८५६ साली भारतातल्या रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो जे.जे.मधल्या पेशंटच्या नोंदींवर बराचसा उभा आहे. तापाने फणफणलेले गिरणगावाआधीच्या मुंबईतले हमाल, खलाशी, भिकारी त्यात आहेत.

१८५१ साली पहिली छोटीशी तुकडी बाहेर पडली. त्यात भाऊ दाजी लाड होते, ज्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय राणीच्या बागेच्या आवारात आहे. आत्माराम पांडुरंग होते, ज्यांनी पुढे प्रार्थना समाज स्थापन केला. ही मुलं वॉर्डात उभी राहिली ही साधी गोष्ट नव्हती. प्रेताला, रक्ताला, परक्या जातीच्या माणसाच्या जखमेला हात लावायचा आणि संध्याकाळी घरी जेवायला बसायचं. कलकत्त्याला मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली शवविच्छेदन केलं ती इतिहासातली घटना ठरली, यावरूनच त्या काळच्या घराघरांतला विरोध किती असेल याचा अंदाज येतो.

पण एक लक्षात घ्या. त्या काळात शेवटची परीक्षा पास झालात की तुम्ही डॉक्टर. त्यानंतर वर्षभर रुग्णालयात राहिलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. ज्याला हाऊस सर्जनची जागा मिळाली तो नशीबवान, बाकीचे थेट पाटी लावायचे.

आनंदीबाई जोशींचं नाव या संदर्भात मुद्दाम घेतो, कारण त्यांच्याबद्दल आपण पदवीपाशी थांबतो. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून एम.डी. झाल्या. त्यानंतर त्या बोस्टनच्या स्त्रिया व मुलांसाठीच्या न्यू इंग्लंड रुग्णालयात अनुभव घ्यायला गेल्या. आजच्या भाषेत ही त्यांची इंटर्नशिप. त्या काळी स्त्री डॉक्टरला वॉर्डात काम करू देणारी रुग्णालयं अमेरिकेतही मोजकीच, त्यातलं हे एक. तिथली थंडी, जिन्यांची चढउतार, आणि आधीच पोखरलेली छाती. तब्येत ढासळली आणि त्या परत आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट बघत होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. क्षयाचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

ऑनररी आणि हाऊसमन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या डॉक्टरांचं एक मोठं दुखणं होतं. जे.जे.सारख्या सरकारी संस्थेत प्राध्यापकाच्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतांशी गोऱ्यांकडे. देशी डॉक्टर कितीही हुशार असला तरी सहायकच राहायचा. त्याला उत्तर म्हणून दोन संस्था उभ्या राहिल्या. असहकाराच्या वातावरणात १९२१ साली नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं. डॉ. आनंदराव नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाईंच्या नावे रुग्णालय बांधून दिलं, तेच आपलं नायर. आणि १९२६ साली परळला केईएम व सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की इथे शिकवणारे सगळे भारतीय असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. डॉ. जीवराज मेहता तिथले पहिले डीन. हेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

सरकारी नोकरीतले नकोत, तर मग कोण? शहरात स्वतःची प्रॅक्टिस असलेले नामवंत डॉक्टर. ते सकाळी मानद म्हणून रुग्णालयात यायचे, राऊंड घ्यायचे, ऑपरेशनं करायचे, शिकवायचे आणि दुपारी आपल्या कन्सल्टिंग रूमकडे जायचे. यांना 'ऑनररी' म्हणत. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांची कित्येक दशकं या ऑनररींनी गाजवली आहेत आणि त्यांच्याइतके उत्तम शिक्षक मी फार थोडे पाहिले. पण या पद्धतीत एक गंमत आहे, तुमच्या लक्षात आली असेल. दुपारी दोननंतर वॉर्डात कोण? हाऊसमन, रजिस्ट्रार आणि इंटर्न. संध्याकाळ त्यांची, रात्र त्यांची, रविवार त्यांचा. मुंबईत रात्री दोन वाजता आपल्याला तरुण डॉक्टरच का भेटतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. पूर्ण वेळ पगारी शिक्षक आल्यावर बरंच बदललं, तरी रात्रीची घडी साधारण तीच राहिली.

दरम्यान देशात दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत होते. पदवीवाले, आणि कमी वर्षांचा अभ्यास करून परवाना मिळवणारे लायसेन्शिएट. जुन्या सांताक्रूझकरांना 'एल.सी.पी.एस.' लिहिलेल्या पाट्या आठवत असतील. अतिशय हाताला गुण असलेली माणसं होती ती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेले डॉक्टर होते ४७,५२४. त्यातले २९,८७० लायसेन्शिएट आणि फक्त १७,६५४ पदवीधर. साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. समितीने सांगितलं की दोन दर्जे नकोत, एकच 'मूलभूत डॉक्टर' तयार करा, आणि त्याला रोगप्रतिबंध व सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं खास प्रशिक्षण द्या. डॉक्टर हा समाजाचा वैद्य असावा, ही कल्पना त्यामागे होती.

त्याच सुमारास ब्रिटनने १९५० च्या कायद्याने ठरवलं की परीक्षा पास झाल्यावर रुग्णालयात वर्षभर देखरेखीखाली काम केल्याशिवाय पूर्ण नोंदणी मिळणार नाही. आपल्या १९५६ च्या मेडिकल कौन्सिल कायद्यातही तात्पुरत्या नोंदणीची सोय आली. म्हणजे आज वॉर्डात भेटणारा इंटर्न साडेचार वर्षं शिकून, एम.बी.बी.एस.ची शेवटची परीक्षा पास होऊन आलेला असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने त्याला तात्पुरती नोंदणी दिलेली असते. 'शिकाऊ पोरगा' हे अर्धंच वर्णन झालं. बारा महिने पूर्ण केल्यावर पदवी हातात येते आणि कायमची नोंदणी होते.

आमचं वर्ष

मी इंटर्न होतो ते १९९० च्या आसपास. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे दिवस संपत आले होते, प्लॅस्टिकच्या पुरेशा येत नव्हत्या. ज्या रुग्णालयात मी होतो तिथे हातमोजे मोजून मिळायचे आणि ते आधी ऑपरेशन थिएटरला. रक्त काढताना उघडा हात. एचआयव्ही मुंबईत आलेला होता, आम्हाला ते माहीत होतं, आणि सुई टोचली तर पुढे काय करायचं हे सांगणारा कागद कुठल्याच भिंतीवर नव्हता. सुई टोचल्यावर साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा, औषधं शक्य तितक्या लवकर आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करा, ही आजची पद्धत आहे. ती आमच्या नंतर आली.

आणि क्षय. मेडिकल वॉर्डात चाळीस खाटांवर साठ पेशंट, दोन खाटांमध्ये जमिनीवर गाद्या, त्यातले कित्येक खोकणारे. पहिल्यांदा खोकणाऱ्याच्या तोंडासमोर कोण बसतं? हकीकत लिहिणारा इंटर्न. माझ्या बॅचमधल्या दोघांना त्या वर्षभरात टीबी झाला. एकीला छातीत पाणी झालं होतं, सहा महिने औषधं घेऊन ती ठणठणीत बरी झाली आणि आज ती स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे. आनंदीबाईंच्या वेळी हे औषध नव्हतं, एवढाच फरक. हा धोका आजही संपलेला नाही. म्हणून वॉर्डात इंटर्नने तुम्हाला मास्क लावायला सांगितला किंवा खिडकी उघडली, तर तो तुमचा तिरस्कार करतो असं समजू नका. खिडकी उघडी ठेवणं हा क्षयावरचा फार जुना आणि फुकटातला उपाय आहे.

ग्रामीण भागातही काही काळ काढावा लागे. मला डहाणूच्या बाजूचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. शहरातल्या मुलाला तिथे काय कळलं? की तापाच्या मुलाला आई पाच कोस चालून तेव्हाच आणते जेव्हा शेतातली लावणी आटोपते. की 'रोज तीन वेळा जेवणानंतर' हे वाक्य लिहिण्याआधी माणूस दिवसातून किती वेळा जेवतो ते विचारावं. भोर समितीच्या 'सामाजिक वैद्या'चा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता. आजच्या नियमांतही ५२ आठवड्यांपैकी सर्वांत जास्त, म्हणजे १२ आठवडे, सामुदायिक वैद्यकाला आहेत. मेडिसिन आणि सर्जरी ६-६, स्त्रीरोग व प्रसूती ७, बालरोग ३, बाकी मानसोपचार, हाडं, डोळे, कान-नाक-घसा, भूल, कॅज्युअल्टी यांना एक-दोन आठवडे. मुंबईतल्या कॉलेजांची शहरी केंद्रंही आहेत. धारावीतल्या लोकांना 'छोटा सायन' सांगितलं की लगेच कळतं, ते सायनच्या कॉलेजचंच केंद्र.

एक बदल मात्र मला खटकतो. आमच्या वेळी पुढच्या शिक्षणाची जागा मुख्यतः एम.बी.बी.एस.च्या मार्कांवर मिळायची. इंटर्नशिप सुरू होताना मार्क हातात असायचे, त्यामुळे वॉर्डात डोकं लावून काम करता यायचं. आता पी.जी.च्या जागा देशव्यापी परीक्षेवर ठरतात आणि त्या परीक्षेची तयारी नेमकी याच वर्षात येते. वॉर्डातून पळून लायब्ररीत बसणारा इंटर्न आळशी नसतो, तो घाबरलेला असतो. पण हाताने करायच्या गोष्टी बहुपर्यायी प्रश्नांतून येत नाहीत. फुगलेल्या हातातली शीर शोधणं, बाळंतपणात कधी हात आखडता घ्यावा, गेलेल्या माणसाच्या मुलाला कसं सांगावं, या गोष्टींना दुसरं वर्ष मिळत नाही.

झोपेचा प्रश्न

रुग्णालयात राहूनच शिकायचं ही पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १८८९ पासून टोकाला नेली. 'रेसिडेंट' शब्दाचा अर्थच तिथे राहणारा. सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी ही कठोर शिस्त बसवली, आणि जगाने ती उचलली. हॅल्स्टेड स्वतः कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या व्यसनात अडकले होते, हे मात्र फार उशिरा बाहेर आलं. भूल देण्याच्या प्रयोगांत स्वतःला टोचून घेताना त्यांना ते लागलं. त्यांनी घालून दिलेला झोपेविना कामाचा आदर्श शंभर वर्षं आम्ही डोक्यावर घेतला, याची मला कधीकधी गंमत वाटते आणि कधी रागही येतो.

१९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप घेऊन रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत गेली. ती नैराश्यासाठी फेनेल्झिन घेत होती आणि तिला पेथिडिन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र जीवघेणी ठरू शकतात. तिला बघणारे तरुण डॉक्टर अनेक तास ड्यूटीवर होते आणि त्यांच्याकडे इतरही बरेच पेशंट होते. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने नियम केला: आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग २४ तासांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे १९९२ साली केंद्राच्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी असं लिहिलं गेलं. कागद चांगला आहे. तुमच्या ओळखीत कुणी निवासी डॉक्टर असेल तर त्याला हा आकडा सांगून बघा, तो हसेल.

सांताक्रूझकरांना २६ जुलै २००५ आठवतोच. आपल्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मिलन सबवे, कालिना, वाकोला नाला, सगळं एक झालं होतं. पाणी ओसरलं आणि दोन आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस आला. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, मग कावीळ, लघवी कमी. त्या ऑगस्टमध्ये शहरातले मेडिकल वॉर्ड भरून वाहत होते. कुणाची लघवी किती झाली हे तासातासाला मोजायचं काम वॉर्डातली तरुण पोरं करत होती, आणि मूत्रपिंड बंद पडतंय हे बहुतेक वेळा त्या आकड्यावरूनच पहिल्यांदा कळतं. (पावसाच्या पाण्यातून चालून आला असाल, पायाला जखम असेल, तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना भेटून डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा. दर पावसाळ्यात हे सांगतो, आत्ताही सांगून ठेवतो.)

कूपर रुग्णालय तर आपल्या शेजारचं. तिथे २०१५ साली महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. हिशोब करा: २०१५ ला प्रवेश, साडेचार वर्षं अभ्यास. ती पहिली तुकडी इंटर्नशिपच्या उंबरठ्यावर आली तेव्हा २०२० उजाडलं होतं. शिकून झालं आणि बाहेर कोविड. मुंबईतल्या सगळ्याच कॉलेजांच्या इंटर्नना त्या वर्षी नेहमीचे विभाग फिरून शिकायला फारसं मिळालं नाही. स्वॅब, ऑक्सिजनची नोंद, आणि आत भरती असलेल्यांच्या नातेवाइकांना फोन. सायनला तर हे नवं नव्हतंच म्हणा. ते रुग्णालयच १९४७ साली लष्करी बराकींत सुरू झालेलं.

मग तुम्ही काय करायचं?

इंटर्नला स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार नाही, त्याने वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. वैद्यकीय दाखला, मृत्यूचा दाखला किंवा पोलीस केसचे कागद तो स्वतःच्या सहीने देऊ शकत नाही. त्याच्याकडे ते मागून भांडू नका, त्याच्या हातात ते नसतंच. त्याच्या वर निवासी डॉक्टर, त्याच्या वर लेक्चरर आणि युनिटचे प्रमुख असतात. "माझं युनिट कोणतं, आणि मोठे डॉक्टर राऊंडला किती वाजता येतात?" हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या राऊंडच्या वेळी एक जबाबदार नातेवाईक हजर ठेवा. वॉर्डात पाच वेगवेगळे नातेवाईक पाच वेळा तोच प्रश्न विचारतात, त्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

तुम्ही इंटर्न आहात का, असं सरळ विचारलं तरी चालतं. राग येण्याचं कारण नाही. दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर "दुसऱ्या कुणाला बोलावता का?" असं शांतपणे म्हणा. चांगला इंटर्न स्वतःच बोलावतो. विद्यार्थ्यांसमोर तपासणी नको असेल, विशेषतः बायकांच्या तपासणीत, तर तसं सांगता येतं आणि त्यावरून उपचार अडवता येत नाहीत. पॅरिसच्या पेशंटला हे सांगायची सोय नव्हती, तुम्हाला आहे.

मारहाणीबद्दल एकच सांगतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. वॉर्डात पहिला हात बहुधा सगळ्यात लहान डॉक्टरवर पडतो, कारण तोच समोर असतो. औषध नसणं, खाट नसणं, व्हेंटिलेटर नसणं यातलं काहीही त्याने ठरवलेलं नसतं. तक्रार असेल तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि जाताना एक पिशवी बरोबर न्या. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (नुसती नावं नकोत, पाकिटंच), कशाची ॲलर्जी असेल तर ती मोठ्या अक्षरात लिहून, डायबिटीसचं इन्सुलिन शेवटचं किती वाजता घेतलं ते. मनाच्या आजाराच्या गोळ्या लपवू नका. गावठी औषध, काढा, भस्म घेतलं असेल तर तेही सांगा. रात्री दोन वाजता तो मुलगा किंवा मुलगी समोर बसून पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला हेच विचारणार आहे.